टेलिटेक्स्ट आता बंद करावं का?

उत्रेख्तकर:
नेदरलँड्समधल्या एनओएस या सार्वजनिक वृत्तसंस्थेचं टेलिटेक्स्ट, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर वाचायची अक्षरी पानं, १९८०पासून चालू आहे. सार्वजनिक पैशावर ही जुनाट सेवा कशाला, असं ऑफिसातली तरुण मंडळी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, ती राहिलीच पाहिजे. रिमोटवर १०१ दाबा, बातम्या समोर. एका ओळीत ४० अक्षरं, पडद्यावर जेमतेम २४ ओळी. पाल्हाळाला जागाच नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला थेट मुद्द्यावर यावं लागतं.

सडेतोड:
असहमत. बीबीसीनं १९७४ साली सीफॅक्स सुरू केलं, ही जगातली पहिली टेलिटेक्स्ट सेवा. तीच त्यांनी २३ ऑक्टोबर २०१२ला ॲनालॉग प्रक्षेपणाबरोबर बंद केली. हवामान, स्कोअर, ठळक बातम्या सगळं फोनवर आहे. पान मागवून ताटकळत कोण बसेल?

तारायंत्र:
सडेतोड, इथे पान कुणी मागवतच नाही! ॲनालॉग टीव्हीचा सिग्नल ६२५ आडव्या ओळींचा असायचा, त्यांतल्या काही चित्राच्या वर, पडद्याबाहेर रिकाम्या जायच्या. त्यांतून अक्षरं पाठवली जायची. अशा एका रिकाम्या ओळीत मजकुराची एक ओळ मावते आणि सेकंदाला ५० वेळा ही संधी येते. प्रत्येक वेळी दोन ओळी वापरल्या तर सेकंदाला साधारण चार पानं जातात. शंभर पानांचं चक्र म्हणजे पंचवीसेक सेकंद. सरकत्या पट्ट्यावरून सगळी पानं अखंड फिरत असतात, तुमचा टीव्ही फक्त आपल्या नंबराचं पान आलं की उचलून घेतो. (नंतरच्या टीव्हींत पानं आधीच साठवून ठेवायची सोय आली, मग थांबणंही कमी झालं.) म्हणजे दहा जणांनी वाचलं काय नि दहा लाखांनी, प्रक्षेपणावर ताण तेवढाच. आणि तुम्ही कोणतं पान वाचलंत हे प्रक्षेपकाला कळायचा मार्गच नाही. आजच्या बातम्यांच्या कुठल्या ॲपबद्दल असं म्हणता येईल?

सडेतोड:
मुद्दा मान्य, पण तो अँटेना आणि केबलपुरता. हेच टेलिटेक्स्ट आता कित्येक जण फोनच्या ॲपवर वाचतात. तिथे प्रत्येक पान सर्व्हरकडून मागवलं जातं, म्हणजे गोपनीयता संपली. उरली फक्त जुनी मांडणी.

मीरा_हेग:
सबटायटल कुणीच कसं आठवलं नाही? टेलिटेक्स्टचं पान ८८८ लावलं की ती चालू कार्यक्रमावरच दिसतात. माझ्या शेजारच्या आजींना कमी ऐकू येतं, त्या रोज संध्याकाळच्या बातम्या त्याच्यावरच बघतात. मी इथे आले तेव्हा डच शिकायलाही मला त्याचाच आधार झाला.

सडेतोड:
डिजिटल प्रक्षेपणात सबटायटल वेगळी पाठवता येतात. त्यासाठी शेकडो पानं कशाला सांभाळायची?

उत्रेख्तकर:
पाठवता येतात, खरं आहे. मग आधी आजींच्या टीव्हीवर ती नीट दिसू देत, तेही नवा सेट-टॉप बॉक्स विकत न घेता. १०१चं काय करायचं ते त्यानंतर बोलू.