प्रतिसाद : विंचू स्वतःचे पाय चावत नाही, स्वच्छ करतो

काचेच्या पेटीतला विंचू खाणे संपल्यावर स्वतःचेच पाय चावत होता, असे वर एका सदस्याने लिहिले आहे आणि तो आजारी असावा अशी शंकाही घेतली आहे. माझ्या मते ती साफसफाई असावी.

विंचवाच्या तोंडाशी मोठ्या चिमट्यांखेरीज आणखी एक छोटी, चिमट्यासारखीच जोडी असते. भक्ष्य याच जोडीने कुसकरले जाते, त्यावर पाचक रस सोडला जातो आणि झालेला द्रव तेवढा शोषला जातो, कारण विंचू घन अन्न गिळत नाही. जेवण असे चिकट असल्याने ते आटोपल्यावर तोंडाचे हे भाग आणि पाय पुसून काढणे ओघानेच येते. पायाचे टोक या चिमट्यांतून ओढून घेतले जाते, म्हणून पाहणाऱ्याला ते चावल्यासारखे वाटते.

याचे महत्त्व नुसत्या टापटिपीपुरते नाही. विंचवाची नजर अधू असते आणि त्याचे बरेचसे जग स्पर्शावर व कंपनांवर चालते : मोठ्या चिमट्यांवरचे बारीक केस हवेची हालचाल टिपतात, पायांवरच्या सूक्ष्म फटी जमिनीतील कंपने ओळखतात, तर पोटाखालचे कंगव्यासारखे अवयव, जे विंचवाखेरीज कोणत्याही प्राण्याला नसतात, जमिनीचा पोत आणि तिच्यावरील रसायने तपासतात. या संवेदकांवर माती बसली तर शिकारी चाचपडेल. (नांगीवरच खिळलेली आपली नजर इथे सहसा पोहोचत नाही.)

निरीक्षण रात्री, अतिनील टॉर्चच्या उजेडात आणि हात लांब ठेवूनच करावे.