ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०: आयएस३८ टर्बो टाकू की स्टॉकवरच स्टेज वन?

मुलुंडचा_व्हीआरएस
मंडळी सल्ला पाहिजे. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), वॉरंटी केव्हाच संपली, गाडी अजून पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशीच. रोजचं रनिंग मुलुंड ते बीकेसी, कधीमधी लोणावळा नाहीतर नाशिक. आता हात शिवशिवायला लागलेत. एक ट्यूनर म्हणतो टर्बो (एक्झॉस्टवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बदल, फोक्सवॅगन गोल्फ आर वाला मोठा आयएस३८ टाक, माउंटिंग सेम आहे, सरळ बसतो. दुसरा म्हणतो हायब्रीड करून घे, म्हणजे टर्बोचं बाहेरचं हाउसिंग स्टॉकच आणि आतली व्हील्स (फिरणारे पंखे) मोठी. तिसरा म्हणतो टर्बोला हातच लावू नको, फक्त मॅप मार, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदल, त्यालाच स्टेज वन म्हणतात. तिघंही आपापला माल विकतायत हे कळतंय मला. ४०० हॉर्सपॉवरचं वेड नाहीये, गाडी रोज चालवायचीय आणि सिग्नलला मेल्यासारखी वाटता कामा नये. पेट्रोल शक्यतो चांगलं भरतो. कुणी असं सेटअप मुंबईतच रोज चालवतंय का?

घाटातला_थर्ड_गिअर
भावा पीक पॉवरचा आकडा बाजूला ठेव आणि आधी एवढंच सांग की तुझी गाडी दिवसभर किती आरपीएमला असते? मुलुंड ते बीकेसी म्हणजे १२०० ते २५००, त्याच्या वर जायला जागा मिळाली तर नशीब. आता कंपनीचेच आकडे बघ, तुझी २३० स्टॉकमध्ये ३५० न्यूटन मीटर देते १५०० पासून. त्याच इंजिन फॅमिलीची गोल्फ आर ३८० देते पण १८०० पासून. कागदावर ३०० आरपीएम काहीच वाटत नाहीत, पण बंपर टू बंपर मध्ये गॅप दिसला आणि पाय दिला की नेमके तेच ३०० जाणवतात. मोठं व्हील म्हणजे जास्त वजन, फिरायला जास्त एक्झॉस्ट लागतो, सोपं आहे.

हवेचा हिशोब पण करून बघ. ढोबळ नियम असा की मिनिटाला १ पाउंड हवा म्हणजे साधारण १० हॉर्सपॉवर. ३०० पाहिजेत तर ३० पाउंड. तेवढं तुझा आत्ताचा स्टॉक टर्बो आयएस२० चांगल्या पेट्रोलवर जवळपास गाठतो, फक्त वरच्या आरपीएमला धापा टाकतो. म्हणजे आयएस३८ चा खरा फायदा ५००० च्या पुढे, आणि मुंबईत ५००० च्या पुढे तू जाणार कुठे? कोस्टल रोडला ८० ची लिमिट, अटल सेतूला १०० आणि वर कॅमेरे.

माझं मत, आधी इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा रेडिएटर) बदल. एप्रिल-मे मध्ये सायन सर्कलला अडकलास की इनटेक टेंपरेचर चढतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गपचूप ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, मग टर्बो कुठलाही असो पॉवर गेलीच. इंटरकूलर आणि नीट केलेला स्टेज वन, एवढ्यावर वर्षभर चालव. नंतर पण भूक असेल तर आयएस३८ कुठे पळून जात नाही.

बूस्ट_बूस्ट
वरच्या साहेबांचं अर्धं पटतं. इंटरकूलर शंभर टक्के. पण लॅगचा, म्हणजे टर्बो उशिरा जागा होण्याचा, बाऊ फार करतात लोक. आयएस३८ वर मॅप चांगला असला तर २५०० ला गाडी जी सुटते ना, आणि डीएसजी काय झोपलेला नसतो, एस (स्पोर्ट) मोडला टाकलं की आरपीएम वरच धरतो. ट्रॅफिकमध्ये तसंही कोण रेस करतंय. आणि दोनदा पैसे का घालायचे, आज स्टेज वन, उद्या टर्बो, परत नवीन मॅप, परत लेबर. करायचंच तर एकदाच कर.

हायब्रीड मात्र नको. व्हील कुणी बॅलन्स केलं, कुठल्या मशीनवर केलं, त्याचा बॅलन्सिंग रिपोर्ट हातात मिळत नसेल तर फिरकू पण नको तिथे. हे शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतात, राव.

कुर्ल्याचा_पाना
आयएस३८ घेतलास तर बहुतेक सेकंडहँड मिळेल म्हणून सांगतो. सुरुवातीच्या लॉटबद्दल जगभर तक्रारी होत्या, त्यामुळे पार्ट नंबर आणि त्याच्या शेवटचं रिव्हिजनचं अक्षर नीट वाच, प्लेट घासलेली असेल तर तिथूनच परत फिर. मग कंप्रेसरच्या (हवा ओढणाऱ्या पंख्याच्या) बाजूने शाफ्टचा नट दोन बोटांत पकड. आत-बाहेर ढकलून बघ, हा प्ले जवळजवळ शून्य पाहिजे. वर-खाली थोडासा हलला तर घाबरू नकोस, तेल नसताना जर्नल बेअरिंगला तेवढा असतो, फक्त हलवून दाबून फिरवताना पातं हाउसिंगला घासता कामा नये. टॉर्च मारून आतली भिंत बघ, चकचकीत गोल ओरखडा दिसला तर पातं एकदा तरी लागलेलं आहे. पात्यांच्या कडा नखाने चाचप, बारीक खड्डे असतील तर आत कचरा गेलाय. एक्झॉस्टच्या बाजूला ओलं काळं तेल दिसलं तर विषय संपला.

बसवताना गॅस्केट आणि ऑइल लाइनचे वॉशर नवेच टाकायला लाव, आणि स्टार्ट करायच्या आधी टर्बोत तेल भरायला सांग. गॅरेजवाले घाईत हेच विसरतात, मग पहिल्या दहा सेकंदात बेअरिंग कोरडं फिरतं आणि दोन महिन्यांनी लोक टर्बोला शिव्या घालतात.

अजून एक, बाहेरचा इनटेक (हवा आत घेणारा पाइप आणि फिल्टर) लावशील तर खाली बंपरजवळ फिल्टर असलेला घेऊ नकोस. जुलैत हिंदमाता नाहीतर मिलन सबवेला पाणी भरलं की तो फिल्टर पाणी ओढणार. सिलिंडरात पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, त्या बिलापुढे टर्बो स्वस्त वाटेल.

मुलुंडचा_व्हीआरएस
खूप आभार सगळ्यांचे. पानावाले दादा, तुमचं उत्तर प्रिंट काढून खिशात ठेवतोय. पेट्रोल आणि गिअरबॉक्सचं कुणीच बोललं नाही पण? आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, त्याचं काय करायचं?

घाटातला_थर्ड_गिअर
इथेनॉल नॉकिंगच्या (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकण्याच्या) बाबतीत उलट बरंच, ऑक्टेन जास्त आणि आत थंडावा पण देतं. भानगड अशी की इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला हवा १४.७ भाग लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे गाडीच्या फ्युएल पंपावर आधीच जास्त लोड, त्यात तू हवा वाढवणार. म्हणून मॅप झाल्यावर डायनोवर (रोलरवर गाडी चालवून पॉवर मोजणाऱ्या मशीनवर) सगळ्या रीडिंगचा लॉग मागायचाच, नुसता पॉवरचा ग्राफ फ्रेम करून लावायला ठीक आहे. लॉगमध्ये रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) मागितलेलं किती आणि मिळालेलं किती, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती डिग्री मागे जातंय, इनटेक टेंपरेचर किती. रेल प्रेशर वर जाऊन पडायला लागलं तर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) कमी करायला सांग, ट्यूनर कितीही 'होतं असं' म्हणू दे. आणि मॅप ज्या पेट्रोलवर झाला तेच भरत राहायचं. एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) वर मॅप करून मग दीडशेच्या वर लिटर बघून साधं भरणारे खूप पाहिलेत.

गिअरबॉक्स म्हणजे तुझा डीएसजी डीक्यू२५० मॉडेलचा, वेट (तेलात बुडालेला) क्लच आहे म्हणून वाचलास, पण कंपनीचं रेटिंग ३५० न्यूटन मीटरचं, म्हणजे स्टॉकलाच काठावर. स्टेज वनलाच ते ओलांडशील, तेव्हा इंजिनसोबत गिअरबॉक्सचा पण मॅप, क्लच प्रेशर वाढवणारा. तेल ६०,००० किलोमीटरला बदलतात, तू आत्ताच बदलून घे.

बूस्ट_बूस्ट
आणि इन्शुरन्सवाल्याला विचार आधी. मोटर व्हेईकल ॲक्टच्या कलम ५२ खाली मूळ स्पेसिफिकेशन बदलता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा हे आठवतं लोकांना. डाउनपाइपमधून (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपमधून) कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढायचं तर डोक्यातसुद्धा आणू नकोस, पीयूसीला वास आला की झालं. बाकी आयएस३८ चा विचार सोडू नकोस, मी अजून तिथेच आहे.

मुलुंडचा_व्हीआरएस
ठरलं मग, आधी इंटरकूलर, डीएसजी ऑइल आणि दोन्ही मॅप. कॅट राहणार. ठाणे-नवी मुंबई साइडला डायनोचा पूर्ण लॉग फाइलमध्ये देणारं कुणी माहीत असेल तर मेसेज करा, नुसता स्क्रीनचा फोटो देणारे नकोत.