टाळेबंदीच्या काळात घर कशावर तरले? : अनुभव धागा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि असंख्य घरांची मिळकत एकाएकी थांबली किंवा निम्म्यावर आली. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दवाखान्याचे बिल आणि कर्त्या माणसाचा मृत्यू असे दोन्ही आघात काही घरांनी एकाच महिन्यात सोसले. त्या दिवसांच्या दुःखाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण हिशेबाबद्दल फारसे कोणी बोलत नाही, कारण पैशाच्या गोष्टी चारचौघांत काढू नयेत असेच आपल्याला वळण आहे. तो संकोच बाजूला ठेवून कोणता पैसा वेळेवर हाती आला, कोणता कागदावर असूनही कामी आला नाही आणि का, हे शक्य तितक्या आकड्यांसह लिहावे, ही विनंती. ‘बचत केली पाहिजे’ एवढेच सांगणारे प्रतिसाद नकोत. बँका, कंपन्या आणि रुग्णालये यांची नावेही टाळावीत.

लेखापाल, पिंपरी

मी हप्त्यांच्या स्थगितीबद्दल लिहितो, कारण त्या सवलतीबद्दल आमच्या कार्यालयात जेवढा गैरसमज होता तेवढा दुसऱ्या कशाबद्दलही नव्हता. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. बहुतेकांनी त्याचा अर्थ ‘हप्ते माफ झाले’ असा घेतला. प्रत्यक्षात त्या काळातले व्याज चालूच होते आणि ते मुद्दलात मिळवले जात होते.

समजा, २५ लाखांचे गृहकर्ज शिल्लक आहे, व्याजदर ८ टक्के आहे आणि १८० हप्ते राहिले आहेत. हप्ता साधारण २३,९०० रुपयांचा येतो. सहा महिने काहीच भरले नाही तर मुद्दल २६ लाख २ हजारांच्या आसपास जाते, आणि हप्त्याची रक्कम तीच ठेवली तर पुढे १८० ऐवजी जवळजवळ १९५ हप्ते भरावे लागतात. म्हणजे सहा हप्ते लांबवल्याबद्दल पंधरा हप्ते वाढतात. सरकारने नंतर दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक परत केला, तेव्हा ‘व्याजावरचे व्याज माफ’ असे मथळे झळकले. वरच्या उदाहरणात हा फरक १,७०० रुपयांच्या आत आहे.

माझा पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला होता, तरीही मी एक मुदत ठेव मोडून हप्ते चालू ठेवले, कारण ठेवीवर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मात्र पगारच मिळत नव्हता. त्याने पूर्ण सहा महिन्यांची स्थगिती घेतली, आणि माझ्या मते त्याचाही निर्णय योग्यच होता. घरात किराणा भरायला पैसे नसताना पंधरा वर्षांनंतरच्या हप्त्यांची चिंता करण्यात अर्थ नसतो. मात्र हा सौदा आपण कोणत्या भावाने करतो आहोत, हे त्याला आधी कोणी सांगितले नव्हते.

शिक्षिका, सांगली

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान मे २०२१ मध्ये गेले. ते एका लहान इंजिनिअरिंग कारखान्यात नोकरीला होते. घरातले सगळे व्यवहार तेच पाहत, त्यामुळे बहिणीला खाते कोणत्या शाखेत आहे याखेरीज काहीही ठाऊक नव्हते. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही दोघींनी त्यांचे पासबुक पुढ्यात घेतले आणि पट्टी धरून एकेक ओळ वाचत गेलो. मागच्या वर्षीच्या मे अखेरीस ३३० रुपये वजा झाल्याची एक नोंद होती आणि तिच्याखाली १२ रुपयांची दुसरी. “ताई, हे काही तरी सरकारी असणार,” एवढेच बहीण म्हणाली. शाखेत विचारल्यावर कळले की ३३० रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता होता. या विम्यात मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात. १२ रुपयांचा विमा अपघाताचा असल्यामुळे तो येथे लागू नव्हता. (आज हे हप्ते ४३६ आणि २० रुपये आहेत, आणि मे अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर विमा खंडित होतो.)

दुसरी रक्कम तर आम्हाला जवळजवळ योगायोगानेच समजली. भविष्य निर्वाह निधीचे सदस्य नोकरीत असताना वारले तर त्यांच्या कुटुंबाला ठेवसंलग्न विमा योजनेतून, म्हणजे ‘ईडीएलआय’मधून, वेगळी रक्कम मिळते. एप्रिल २०२१ च्या अधिसूचनेनुसार तिची कमाल मर्यादा सात लाख रुपये आहे. या विम्याचा हप्ता मालक भरतो, कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यासाठी काहीच कापले जात नाही. साहजिकच पगारपत्रकावर त्याचा उल्लेख नसतो आणि बहुतेक घरांना त्याचा पत्ताही नसतो. निधीची रक्कम मागायला गेलो असताना त्यांच्या एका सहकाऱ्याने “विम्याचाही अर्ज भरा” असे सांगितले नसते, तर आम्ही तेवढ्यावरच परतलो असतो. विधवेचे मासिक निवृत्तिवेतन आणि दोन मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळणारे वेतन हेही त्याच कार्यालयातून मंजूर झाले.

अडले ते नावांवर. आधार कार्डावर वडिलांचे पूर्ण नाव होते, निधीच्या नोंदीत फक्त आद्याक्षर होते, आणि नामनिर्देशन लग्नापूर्वीचे, आईच्या नावाने केलेले होते. सासूबाई समजूतदार होत्या म्हणून वाद झाला नाही, परंतु कागद जुळवण्यात पावसाळा संपला. तेवढे महिने घर चालले ते माझ्या पगारावर आणि बहिणीने शिवणकामातून साठवलेल्या पैशांवर, कारण तिच्या स्वतःच्या नावाचे तेवढे एकच खाते होते.

*(धागाकर्त्याकडून : आतापर्यंतच्या प्रतिसादांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैसा होता, हक्कही होता, पण माहिती एकाच माणसापाशी होती.)*

बचत गटाच्या सचिव, सोलापूर जिल्हा

आमच्या गटात प्रत्येक सभासद महिन्याला शंभर रुपये भरते आणि अंतर्गत कर्ज शेकडा दोनने दिले जाते. हा दर महिन्याचा आहे, म्हणजे वर्षाला २४ टक्के, आणि हे मी नव्या सभासदांना मुद्दाम सांगते. गावातल्या सावकाराचा शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के होतात, हे कळल्यावर आमचे चोवीस कोणाला जड वाटत नाहीत. टाळेबंदीत बैठक भरवता येत नव्हती, म्हणून फोनवरच सर्वांचे मत घेऊन ते इतिवृत्तात लिहिले आणि तीन महिने मुद्दल मागायचे नाही, जमेल तिने फक्त व्याज द्यावे, असे ठरवले. औषधपाण्यासाठी लागणाऱ्या कर्जाला पहिला मान दिला. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा झाले. ते आमच्या निम्म्या सभासदांना लगेच काढता आले आणि उरलेल्यांना आले नाहीत, कारण त्यांची खाती वापरात नसल्यामुळे निष्क्रिय झाली होती. तेव्हापासून प्रत्येकीने तीन महिन्यांतून एकदा तरी आपल्या खात्यात व्यवहार करावा, असा आमचा नियम आहे.

निवृत्त कर्मचारी, पुणे

माझ्या निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग ज्या नागरी सहकारी बँकेत होता, तिच्यावर टाळेबंदीच्या आधीच निर्बंध आले होते. त्यामुळे संपूर्ण २०२० साल ठराविक मर्यादेत मिळणाऱ्या पैशांवर काढावे लागले. अनेकांना ठेव विम्याविषयी ऐकून माहिती असते, पण तपशील ठाऊक नसतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत हे संरक्षण एक लाखाचे होते, नंतर ते पाच लाखांचे झाले. या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. म्हणजे एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवून उपयोग होत नाही. पतीच्या नावाची, पत्नीच्या नावाची आणि दोघांची संयुक्त ठेव मात्र स्वतंत्रपणे मोजली जाते. आमची विभागणी अशी होती म्हणून आम्ही बऱ्याच अंशी बचावलो.

पूर्वी विम्याचे पैसे बँक अवसायनात गेल्यावरच, म्हणजे ती कायमची गुंडाळण्याचे काम सुरू झाल्यावरच, मिळत. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ते देणे बंधनकारक झाले आणि आम्हाला त्या वर्षअखेरीस ते मिळाले. एक टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या आमच्या पिढीला कोणी नावे ठेवू नयेत. त्या बँकेचे व्यवस्थापक आम्हाला नावाने ओळखत, आणि तेही आम्हाला एक प्रकारचे तारणच वाटे.

किराणा दुकानदार, जळगाव

सोनेतारणाबद्दल थोडक्यात लिहितो. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची परवानगी दिली, आधी ही मर्यादा ७५ टक्के होती. बँकेतला अधिकारी जास्त घ्या म्हणत होता, पण मी निम्म्याहून पुढे गेलो नाही. पुढच्या मार्चपर्यंत सोन्याचा भाव बराच उतरला आणि ज्यांनी पुरती मर्यादा गाठली होती त्यांना बँकेतून फोन येऊ लागले. मंडळींच्या बांगड्या घरी परत आल्या, एवढे पुरे.

रुग्णालयातील बिलिंग विभागातील कर्मचारी, नागपूर

मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलेले सांगते. ज्यांच्याकडे विमा होता त्यांच्याही हाती बिलाच्या वेळी धक्का आला, आणि त्याचे नेहमीचे कारण खोलीभाड्याची मर्यादा हे असे. पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये मर्यादा असेल आणि रुग्णाने १०,००० रुपयांची खोली घेतली, तर फक्त भाडेच नव्हे, तर डॉक्टरांची फी, शुश्रूषा आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मंजूर होते. औषधांना ही कपात लागू नसते. कोरोनाच्या काळात पीपीई किट आणि हातमोजे यांचे वेगळे बिल होई आणि अनेक पॉलिसींत ते बसतच नसे. नोकरी गेलेल्यांचे हाल याहून वाईट होते, कारण कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबरच संपलेला असे आणि ही गोष्ट त्यांना आमच्या खिडकीपाशी कळे.

गृहिणी, कोल्हापूर

सांगलीच्या ताईंना विचारायचे आहे. कारखाना बंद पडला असेल आणि अर्जावर सही करायला मालकच सापडत नसेल, तर ईडीएलआयचा अर्ज कसा करावा? माझ्या नणंदेचा प्रश्न याच ठिकाणी अडला आहे.

शिक्षिका, सांगली

मृत्यूच्या दाव्यासाठी निधी, निवृत्तिवेतन आणि विमा या तिन्हींचा एकत्रित अर्ज असतो. मालकाची सही मिळत नसेल तर राजपत्रित अधिकारी किंवा खाते असलेल्या बँकेचे व्यवस्थापक यांचे साक्षांकन चालते, असे आम्हाला कार्यालयात सांगितले होते. मात्र आपल्या नणंदेचे यजमान मृत्यूच्या वेळी नोकरीत होते की कारखाना त्याआधीच बंद झाला होता, हे प्रथम पाहावे. ईडीएलआयची रक्कम नोकरीत असतानाच मृत्यू झाला असेल तरच मिळते. नोकरी आधी सुटली असली तरी निधीची रक्कम मिळतेच, आणि निवृत्तिवेतनाचाही अर्ज अवश्य करावा. शेवटचे वेतनपत्रक असेल तर सोबत घेऊन जावे.