‘घाबरू नका’ की ‘घाबरून जाऊ नका’? साथीच्या पहिल्या दिवसांतले शब्द

प्रश्न

एका आरोग्यपत्रकाचं मराठी करतो आहे. साथ नुकतीच पसरू लागली असताना लोकांनी काय करावं, काय टाळावं, असा विषय आहे. ‘पॅनिक’ या शब्दावर अडलो. कोशांत घबराट, धास्ती, धसका, भीतीचं वातावरण असं बरंच सापडतं. यातला कुठला घ्यावा? शिवाय पत्रकाची सुरुवातच ‘घाबरू नका’ अशी केली आहे. ते कानाला खटकतं, पण का खटकतं ते सांगता येत नाही.

उत्तर

आधी खटकण्याबद्दल. ‘घाबरू नका’ म्हटलं की भीतीलाच मनाई होते. रोग नवा, औषध ठाऊक नाही, कोणाला होईल याचा नेम नाही, अशा वेळी माणूस घाबरणारच. त्याला घाबरू नका म्हणणारा आपल्यापासून काहीतरी लपवतो आहे असं त्याला वाटतं. ‘घाबरून जाऊ नका’ मध्ये सगळं काम ‘जाणे’ करतं. गोंधळून जाणे, भांबावून जाणे, हरखून जाणे यांत भावना माणसाला सोबत घेऊन निघालेली असते. म्हणजे भीती वाटली तर वाटू द्या, तिच्या मागे वाहवत जाऊ नका, एवढंच हे वाक्य सांगतं. पत्रकात हेच ठेवा.

त्याला जोडून दुसरं वाक्य आपल्या भाषेत तयारच आहे: काळजी करू नका, काळजी घ्या. नाम एकच, क्रियापद बदललं की अर्थ पार फिरतो. काळजी ‘करणारा’ रात्रभर जागतो. काळजी ‘घेणारा’ वीस सेकंद साबणाने हात धुतो, आजारी असेल तर घरी थांबतो आणि झोपतो. साथीच्या सुरुवातीला लोकांना जे सांगायचं असतं ते जवळजवळ सगळं या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत मावतं.

आता ‘पॅनिक’. हा शब्द ग्रीक देव पॅन याच्यावरून आला. रानात एकट्यादुकट्याला अचानक वाटणारी भीती तो घालतो अशी समजूत होती. ‘पॅन्डेमिक’ मधला पॅन वेगळा, त्याचा अर्थ ‘सर्व’, आणि डेमॉस म्हणजे लोक. दोन्ही शब्द एका दमात ऐकू येतात, पण त्यांचं मूळ एक नाही.

मराठीत या एका शब्दाच्या जागी बरेच आहेत, आणि त्यांच्यात काळाचा फरक आहे. धास्ती पुढच्या गोष्टीची असते. काही घडलेलं नसतं, घडेल असं वाटत असतं, आणि ती मनात मुक्काम करते. धसका मागच्या गोष्टीचा असतो. घाव बसून गेलेला असतो आणि माणसाने तो ‘घेतलेला’ असतो. बुडता बुडता वाचलेला पाण्याचा धसका घेतो, पोहायला न येणाऱ्याला नुसती धास्ती वाटते. धडकी क्षणाची, ती छातीत भरते आणि ओसरते. दहशत कोणीतरी बसवतं, तिच्यामागे कर्ता असतो. घबराट मात्र एकट्याला होत नाही. ‘मला घबराट झाली’ असं कोणी म्हणत नाही, ‘मी घाबरलो’ म्हणतो. घबराट पसरते किंवा उडते. गोंधळ, धांदल, तारांबळ यांच्यासारखी ती गर्दीची आहे.

म्हणून साथीच्या पहिल्या आठवड्यांना ‘घबराट’ हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. त्या दिवसांत लोकांना असते ती धास्ती. धसका पुढे, साथ ओसरल्यावर कळतो. आपत्तींचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली यांनी १९५० च्या दशकापासून हेच मांडलं, की संकटात लोक भान हरपून सैरावैरा धावतात ही कल्पना फार फुगवलेली आहे. बहुतेक माणसं विचार करून वागतात, शेजाऱ्याला मदत करतात. तरी मथळ्यात ‘नागरिकांत घबराट’ येतं. दुसऱ्याच्या भीतीला आपण घबराट म्हणतो आणि स्वतःच्या भीतीला खबरदारी.

एक प्रसंग सांगतो, कारण त्या दिवसापासून मी हे शब्द जपून वापरू लागलो. २०२० चा मार्च. मी एका रांगेत उभा होतो. पुढे साठीच्या एक बाई होत्या. बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि त्यांना ठसका लागला. रांग पुढून आणि मागून दोन पावलं सरकली. कोणी काही बोललं नाही, कोणी धावलं नाही, माणसं फक्त अंग चोरून उभी राहिली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, श्वास पुरत नव्हता, तरी एक हात वर करून त्यांनी आधी सांगितलं, “ठसका आहे हो, खोकला नाही.” मग त्या खोकत राहिल्या. पाठीवरून हात फिरवायला कोणी पुढे झालं नाही. मीही झालो नाही. मीही सरकलो होतो.

ठसका आणि खोकला हा भेद एरवी आपण सहज करतो. घास किंवा पाणी आडवं गेलं की ठसका, आजाराचा तो खोकला. त्या दिवशी या भेदावर एका बाईची रांगेतली जागा अवलंबून होती. त्या दोन पावलांना घबराट म्हणता येईल का? मला वाटतं त्यासाठी नेमका शब्द ‘बिचकणे’ हा आहे. बिचकलेला माणूस पळत नाही, पण पुढेही होत नाही.

शंका

धास्ती आणि घबराटीचा फरक पटला. पण दुकानांतल्या रिकाम्या फळ्या? २०२० मध्ये टॉयलेट पेपरसाठी कितीतरी देशांत झुंबड उडाली होती. तीही घबराट नव्हे? आणि घरात माल भरून ठेवण्याला आपण ‘साठेबाजी’ म्हणतो ते बरोबर आहे का?

उत्तर

झुंबड होती, हे मान्य. पण ती कशी होते ते पाहा. शंभर कुटुंबांनी आठवड्याऐवजी दोन आठवड्यांचं सामान घेतलं, तर त्यातलं एकही कुटुंब वेडं नसतं, तरीही फळी रिकामी होते. रिकाम्या फळीचं चित्र पाहून जो कालपर्यंत निवांत होता तोही निघतो. टंचाई होईल या समजुतीनेच टंचाई होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये असल्या भाकितांबद्दल लिहिलं, जी खोटी असूनही लोकांच्या वागण्याने खरी ठरतात. त्यांचं उदाहरण बँकेचं होतं: बुडणार अशी बातमी उठली, सगळे पैसे काढायला धावले, आणि धडधाकट बँक बुडाली.

‘साठेबाजी’ मला या जागी अजिबात पसंत नाही. साठेबाज हा व्यापारी. तो भाव चढवण्यासाठी माल दडवतो. त्या ‘बाजी’ मध्येच दूषण आहे, दगाबाजी, चालबाजी यांच्यासारखं. घरच्यासाठी पुढची सोय करून ठेवण्याला मराठीत फार सुरेख शब्द आहे, ‘बेगमी’. बेगमीत लोभ नाही, दूरदृष्टी आहे. अडचण एवढीच की बेगमी सावकाश, वेळेआधी, थोडी थोडी करायची असते. सगळ्यांनी एकाच सकाळी केली की तिची झुंबड होते. पत्रकात ‘साठेबाजी करू नका’ लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, हे मला नव्हे, दुकानदाराला सांगितलं आहे. ‘गरजेपुरतंच घ्या, दुसऱ्यासाठी राहू द्या’ हे त्याला लागू पडतं.

आणखी एक प्रश्न

‘पॅन्डेमिक’ ला महामारी म्हणावं की महासाथ?

उत्तर

महासाथ. ‘मारी’ मध्ये मरण आहे, आणि पॅन्डेमिक हा शब्द रोग किती मारक आहे ते सांगतच नाही, किती दूरवर पसरला आहे ते सांगतो. २००९ चा एच१एन१ फ्लू ११ जूनला जागतिक साथ म्हणून जाहीर झाला, आणि बहुतेकांना तो सौम्यच झाला. ११ मार्च २०२० रोजी कोविडसाठी हा शब्द वापरताना जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी बजावलं होतं की तो सैलपणे वापरण्याचा नाही. चुकीचा वापरला तर अवाजवी भीती पसरेल, किंवा आता लढण्यात अर्थ नाही असं लोक धरून चालतील.

‘साथ’ तर मला आपल्या भाषेचं देणंच वाटतं. सोबत आणि रोगाचा फैलाव या दोन्हींना एकच शब्द. माणूस माणसाच्या साथीत असतो म्हणून साथ येते. तबल्याची साथ, संकटातली साथ आणि तापाची साथ कानाला सारखीच लागते.

शंका

बातम्यांत ‘संशयित रुग्ण सापडला’ असं सर्रास येतं. त्यात खटकण्यासारखं काही आहे का, की मी उगीच खोल जातो आहे?

उत्तर

उगीच नाही. या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

‘संशयित’ शब्द आपण कुठे ऐकतो? पोलिसांच्या बातम्यांत. डॉक्टरला संशय रोगाचा असतो, पण वाक्यात तो माणसावर येऊन बसतो. ‘सापडला’ ने उरलंसुरलं पुरं होतं, कारण चोर सापडतो, हरवलेली वस्तू सापडते. दोन्ही शब्द एकत्र आले की तापाने फणफणलेला माणूस लपून बसला होता आणि त्याला शोधून काढला, असं चित्र उभं राहतं. मग पुढचा माणूस खरोखरच लपतो. ताप आला तरी सांगत नाही, तपासायला जात नाही, आणि त्याच्या घरच्यांना लागण होते. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रेड क्रॉस महासंघाने कलंकाबद्दल जे मार्गदर्शन काढलं, त्यात ‘संशयित’ या अर्थाचा शब्द टाळा असं स्पष्ट म्हटलं होतं. ‘तपासणी चालू असलेली व्यक्ती’ म्हणा, ‘रुग्ण आढळला’ म्हणा. ‘आढळणे’ मध्ये पाठलाग नाही.

‘बाधित’ हा शब्दही मला जपून वापरावासा वाटतो. बाधा भुताचीही होते. ‘लागण झाली’ साधं आहे, त्यात दोष कोणाचा नाही.

रोगाला परक्याचं नाव देण्याची खोडही याच जातीची. १९१८ च्या फ्लूला ‘स्पॅनिश’ म्हटलं गेलं ते तो स्पेनमधून निघाला म्हणून नव्हे. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर लढणाऱ्या देशांसारखी बंधनं नव्हती, म्हणून बातम्या तिथून आल्या. खरं छापणाऱ्याच्या माथी रोगाचं नाव बसलं. आपणही यातून सुटलेलो नाही. उपदंशाला, म्हणजे सिफिलिसला, भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात ‘फिरंग रोग’ म्हटलं आहे, आणि त्याच रोगाला इटलीत फ्रेंचांचं नाव होतं, फ्रान्समध्ये नेपल्सचं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना गावांची, देशांची, माणसांची नावं देऊ नका असं सांगितलं. ११ फेब्रुवारी २०२० ला जाहीर झालेलं ‘कोविड-१९’ हे नाव त्याच नियमाने ठेवलेलं आहे.

प्रश्नकर्ता

अफवांबद्दल एक ओळ घालायची आहे. ‘अफवा पसरवू नका’ पुरे का?

उत्तर

अर्थ पोचतो, पण बाण चुकतो. अफवा हा शब्द अरबीतून आला, तिथे त्याचा मूळ अर्थ ‘तोंडं’. तोंडातोंडी जाते ती अफवा, तिला मालक नसतो. मालक असलेल्यांसाठी वेगळे शब्द आहेत: कंडी पिकवतात, वावडी उठवतात. पत्रक वाचणारा बहुधा कंडी पिकवणारा नसतो. ‘दहा सेकंद श्वास रोखता आला तर तुम्हाला लागण नाही’ हा निरोप त्याला मावशीकडून आलेला असतो आणि तो काळजीपोटीच भावाला पाठवतो. निरोप साफ खोटा, लागण झालेल्या कित्येकांना श्वास सहज रोखता येतो. पण पाठवणाऱ्याला आपण अफवा पसरवतो आहोत असं मुळी वाटतच नाही. त्याला मदत केल्यासारखं वाटतं. म्हणून मी ‘खात्री नसलेला निरोप पुढे पाठवू नका, आपल्या माणसालाही नाही’ असं लिहीन.

टाळेबंदी आणि विलगीकरण यांबद्दल थोडक्यात. टाळेबंदी पूर्वी कारखान्यांची असायची, मालकाने कामगारांना बाहेर ठेवणं. आता ती घराघरावर बसली, आणि रुळली आहे, चालू द्या. आजारी माणसाला वेगळं ठेवायचं तर विलगीकरण, आणि आजारी नसून संपर्कात आलेल्याला ठेवायचं तर अलगीकरण, हा भेद कागदावर छान आहे. बोलण्यात तो टिकलेला दिसत नाही. ‘क्वारंटाईन’ सगळ्यांना कळतं. व्हेनिसमध्ये जहाजं चाळीस दिवस थांबवायचे त्यावरून तो आला. तुम्ही ‘घरात वेगळ्या खोलीत राहा’ असं सरळ लिहा.

प्रश्नकर्ता

मग सुरुवात अशी केली आहे: “घाबरून जाऊ नका. काळजी घ्या. ताप किंवा खोकला असल्यास घरी थांबा व आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. गरजेपुरतंच सामान घ्या. आजारी माणसापासून अंतर ठेवा.”

उत्तर

दोन बदल. ‘थांबा’ नंतर ‘संपर्क साधावा’ आलं की बोलणारा मध्येच बदलल्यासारखा वाटतो, तिथे ‘आरोग्य केंद्राला कळवा’ करा. आणि शेवटच्या वाक्याला जोडून लिहा: “अंतर ठेवा, पण विचारपूस सोडू नका. दारात डबा ठेवा, फोन करा.”