कॅम्परमधले स्पीकर उडाले. नवे कोणते घ्यावेत, ॲम्प किती वॉटचा?

चाकावरचं_घर:
ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेला कॅम्पर आहे. १२ व्होल्ट, राहण्याच्या भागासाठी वेगळी १०० एएच (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी. ड्रायव्हरजवळ २ आणि मागे ४ स्पीकर, सगळे साडेसहा इंची. डेकवर (म्हणजे गाडीच्या म्युझिक सिस्टिमवर) '५० वॉट × ४' छापलंय. मागचे दोन मुके झालेत, एक घरघरतो. आवाज वाढवला की डेक मधूनच बंद पडतो. मागचे चारही बदलून ॲम्प (डेकचा आवाज वाढवून स्पीकरला देणारं यंत्र) टाकायचा विचार आहे. दुकानदार १००० वॉटचा घ्या म्हणतो. घेऊ?

तारजोड:
नको. आधी ते का उडाले ते बघा, नाहीतर नवेही त्याच वाटेने जातील.

डेकला मागचे चॅनल (स्पीकर जोडायच्या जागा) दोनच आणि तुमचे स्पीकर चार. म्हणजे एकेका चॅनलवर दोन-दोन समांतर जोडलेले असणार. ४ ओहमचे दोन समांतर केले की २ ओहम होतात, आणि बहुतेक डेकना किमान ४ लागतात. म्हणून तो तापून बंद पडतो. छापलेले ५० वॉट हे क्षणभराचे. ४ ओहमवर सलग १५-२० वॉट मिळाले तरी पुष्कळ. त्यापुढे रेटलं की आवाज फाटतो आणि स्पीकरमधली तारेची कॉइल तापते. ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) तर सगळ्यात आधी जातो.

तपासणी अशी: स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवा, मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. ४ ओहमचा धडधाकट स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. घरघरणाऱ्याचा कोन (पुढचा हलणारा पडदा) दोन अंगठ्यांनी सरळ आत दाबा. खरखर हाताला जाणवली तर कॉइल घासतेय, तो फेकायचा. जाणवली नाही तर आधी स्पीकर बसवलेल्या प्लायचे स्क्रू आवळून बघा. बऱ्याचदा प्लायच वाजत असतो. शेवटी डेकच्या बाजूनेही वायरी सोडवा आणि प्रत्येक वायर ते गाडीचा पत्रा असं माप घ्या. काहीच यायला नको.

चाकावरचं_घर:
मोजलं. दोन तुटलेले, बाकीचे ३.५. समांतरच जोडलेत. आणि उजव्या बाजूची एक मायनस वायर चक्क बॉडीला आवळलीय!

तारजोड:
झालं. हल्लीच्या डेकमध्ये स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ (अर्थिंग) नव्हे. दोन्ही टोकांवर साधारण ६ व्होल्ट डीसी असतो. ती बॉडीला लावली की डेक स्वतःला वाचवायला बंद पडतो किंवा आतली आयसी (चिप) जाते. मागे जुनी वायरिंग ठेवूच नका. प्रत्येक स्पीकरला ॲम्पपासून स्वतंत्र दोन वायरी ओढा, १.५ चौरस मिमी.

मापात_राहा:
आता ॲम्प. चार चॅनल, क्लास डी (कमी तापणारा प्रकार), ४ ओहमवर ५० वॉट आरएमएस (म्हणजे सलग मिळणारे) प्रत्येकी. एवढ्या डब्यात याहून जास्त लागत नाही. आरएमएस आकडा आणि तो कोणत्या व्होल्टला मोजलाय, एवढंच वाचा. 'मॅक्स' वाचूच नका. पुढचे दोन डेकवरच राहू द्या.

हिशोब: पूर्ण जोरात २०० वॉट, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून २५० वॉट, म्हणजे साधारण २० अँपिअर. नेहमीच्या आवाजात सरासरी ३-४ पुरतात. बॅटरी ते ॲम्प ४ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर. १० चौरस मिमी तांब्यात २० अँपिअरला पाव व्होल्टच्या जरा वर पडतो, ४ चौरस मिमीमध्ये ०.७. त्यामुळे १० च घ्या, आणि टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे. फ्यूज ३० अँपिअरचा, बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. तो ॲम्पसाठी नाही, वायर पेटू नये म्हणून असतो.

डेकची निळी-पांढरी वायर ॲम्पच्या रिमोट टोकाला (डेकबरोबर ॲम्प चालू-बंद करणाऱ्या) द्या. रिमोट थेट पॉझिटिव्हला जोडला तर ॲम्प कायम जागा राहतो; १ अँपिअर धरला तरी दिवसाला २४ एएच गेले.

कोकणवारी:
स्पीकर पॉलिप्रॉपिलिन कोन आणि रबरी कडेचे घ्या. कागदी कोन पावसाळ्यात दमट होतो, फोमची कड काही वर्षांत भुगा होते. भोक पाडण्याआधी आतली खोली मोजा. मॅग्नेटला ५०-६० मिमी लागतात, आणि पॅनेलमागे तेवढी जागा सहसा नसते. मग १२ मिमी मरीन प्लायची रिंग कापून स्पीकर बाहेर उचला.

पोलॅरिटी (प्लस-मायनस) तपासायला पेन्सिल सेल: प्लसला प्लस टेकवला की कोन बाहेर यायला हवा. चारांत एक जरी उलटा लागला तरी बेस बराच कमी होतो आणि दोष ॲम्पवर येतो.

चाकावरचं_घर:
ॲम्पचा अर्थ कुठे घेऊ? आत सगळं फायबर आणि प्लाय. आणि गेनची (ॲम्प किती वाढवणार ते ठरवणारी) खुंटी कुठवर?

मापात_राहा:
अर्थ घरच्या बॅटरीच्या मायनसवर, तीच १० ची वायर. डेकचा अर्थही तिथेच आणा. दोघांचे अर्थ दोन ठिकाणी असले की इंजिन चालू असताना रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. आरसीए केबल (डेकचा आवाज ॲम्पला नेणारी) पॉवरच्या वायरीपासून लांब, दुसऱ्या बाजूने न्या.

गेन कानाने लावू नका. हाय-पास (अगदी खालचा बेस कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर, बेस बूस्ट शून्य, स्पीकर सोडलेले. डेकचा आवाज पाऊणपट्टीवर ठेवून १ किलोहर्ट्झचा टोन वाजवा. स्पीकर ४० वॉट आरएमएसचे असतील तर ४० गुणिले ४ म्हणजे १६०, त्याचं वर्गमूळ १२.६. ॲम्पच्या आउटपुटवर एसी १२.६ व्होल्ट दिसेपर्यंत गेन फिरवा आणि थांबा. चारही चॅनल तसेच. पलंगाखाली बसवणार असाल तर वर हाताएवढी मोकळी जागा सोडा, अंथरुणं कोंबू नका.