मुलीचे केस अचानक कुरळे व्हायला लागलेत, मला सरळ केसांपलीकडे काही जमत नाही

पाथर्डीफाटा_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मुलगी सातवीत आहे, तेरावं चालू आहे. लहानपणी तिचे केस अगदी माझ्यासारखे, सरळ, पातळ, तेल लावलं की चापून बसणारे. गेल्या वर्षीपासून मुळाशी वेगळेच यायला लागले, आता कानाच्या वर चांगलं वळण आणि मानेजवळ तर चक्क स्प्रिंगा. नवऱ्याच्या आत्याचे असेच होते म्हणे, त्यामुळे घरात सगळ्यांना कौतुक आणि फणी मात्र माझ्या हातात. सातची शाळा, दोन वेण्या कंपल्सरी, कोरड्या केसांत फणी घातली की ती रडते मी ओरडते आणि एवढं करून वेण्या झाल्या तरी वरचं सगळं पिंजारलेलं ते पिंजारलेलंच. सासूबाई म्हणतात तेल कमी पडतंय. तेल वाढवलं तर कपाळावर पुरळ आणि कोंडा. त्यात आम्ही नवीन सोसायटीत राहायला आलोय, बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो. डिसेंबरमध्ये दिराचं लग्न आहे आणि पार्लरवाली म्हणते स्मूदनिंग, म्हणजे केमिकलने केस सरळ, करून टाका, कटकट मिटेल. करू का? नाही तर मग नेमकं काय करू? यूट्यूबवर गेले तर ३बी, पोरोसिटी, प्लॉपिंग असलं काहीतरी आणि वीस बाटल्या. कुणीतरी सरळ भाषेत सांगा प्लीज.

कुरळी_कॉलेजरोड

ताई, वयात येताना केस बदलणं अगदी कॉमन आहे, घाबरू नकोस. केस सरळ येणार की कुरळा हे टाळूच्या आत केसाचं मूळ ज्या पिशवीत असतं तिच्या आकारावर ठरतं. पिशवी सरळ असेल तर केस सरळ, वाकडी असेल तर तो वळतच बाहेर येतो, आणि हार्मोन्स बदलले की ते वळण बदलू शकतं. बाळंतपणानंतरही कितीतरी जणींचं होतं. म्हणजे शाम्पू चुकला, तेल कमी पडलं असलं काही नाही, आत्याबाईंचा वारसा उशिरा पोचला इतकंच.

आता तेलाचं. टाळूला स्वतःचं तेल सुटतंच. तुझ्या सरळ केसांवरून ते शेंड्यापर्यंत आरामात उतरतं म्हणून तुझे चापून बसतात, तिच्या केसांत ते वळणावर अडकतं आणि खाली पोचतच नाही. त्यामुळे एकाच डोक्यावर टाळू तेलकट आणि शेंडे राठ. सासूबाई टाळूवर अजून तेल जिरवतात म्हणजे जिथे नको नेमकं तिथे. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची यीस्ट असते, ती तेलावरच पोसते, कपाळावरचं पुरळही त्यातलंच असू शकतं. तेल बंद कर असं नाही म्हणत. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, २००३ मध्ये यावर आपल्याकडच्याच संशोधकांचा पेपर आलाय, त्यात सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलचा तसा उपयोग दिसला नव्हता. तर खोबरेलच, पण न्हायच्या आधी तासभर, कानाच्या खालच्या केसांना, टाळूला नाही. सासूबाईंनाच लावायला सांग, त्यांचाही मान राहील.

ते ३बी वगैरे म्हणजे ऑप्रा विन्फ्रेचा हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर याची वर्गवारी. १ म्हणजे सरळ, २ लाटा, ३ कुरळे, ४ अगदी बारीक घट्ट वळणाचे, आणि ए-बी-सी म्हणजे त्यातलं कमीजास्त. ओळख म्हणून ठीक आहे पण त्यावरून बाटली विकत घेऊ नकोस, एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार असतात, तुझ्या पोरीचंच बघ ना. त्यापेक्षा तिचा गळलेला एक केस दोन बोटांत धरून फिरव. जाणवलाच नाही तर बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखा लागला तर जाड. बारीक केसांना जड क्रीमं, बटरं लावली की वळण लोंबून जातं. आणि न्हाताना बघ, पाण्याचे थेंब केसावर नुसते बसून राहतात की लगेच भिजतो. बसून राहत असतील तर पोरोसिटी, म्हणजे केसाची पाणी शोषायची क्षमता, कमी, अशा केसांना कंडिशनर थोडं, कोमट पाण्यासोबत. लगेच भिजून लगेच वाळत असतील तर जास्त, त्यांना कंडिशनर सढळ हाताने. ग्लासात केस टाकून तरंगतो का बुडतो बघतात त्याच्या नादी लागू नकोस, तेलकट केस असाही तरंगतोच.

करायचं काय तर, शाम्पू फक्त टाळूला, फेस खाली येतो तेवढा शेंड्यांना पुरतो. मग कंडिशनर भरपूर लावून केस चिंब ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा, खालून वर, आधी शेंडे मग मधले मग वरचे. हीच आठवड्यातली एकमेव विंचरणी. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुना सुती टीशर्ट घेऊन केस मुठीत धरून दाबायचे. रोज सकाळी फणी बंद! रात्री सैल वेणी घालून झोपव, सकाळी स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि थोडंसं कंडिशनर, ते मारून बोटांनीच भाग पाड आणि वेण्या घाल. कपाळाजवळ ओढून घट्ट नको, रोज तसं ताणलं तर तिथले केस विरळ होतात आणि फार वर्षं चाललं तर परत येत नाहीत. उशीला साटिनचा किंवा जुन्या सिल्क साडीचा अभ्रा शिव. येवल्याची पैठणी फाडू नकोस म्हणजे झालं 😄

पंचवटीकर_काकू

वरच्या मुलीचं बरंचसं पटलं पण मला एक कळत नाही, शिकेकाईचं नाव कुणीच कसं काढत नाही? आमच्या आईचे केस साठीतही गुडघ्याला टेकायचे आणि आयुष्यात शाम्पू माहीत नाही. शिकेकाई, थोडा रिठा, आवळकाठी, मूठभर मेथ्या रात्री लोखंडी कढईत भिजवायच्या, सकाळी उकळून गाळून घ्यायचं. इथे काष्ठौषधीच्या दुकानात सगळं अख्खं मिळतं, तयार पावडरी घेऊ नका, त्यात काय भरतात देव जाणे. आणि हो, पोरींच्या डोक्याला तेल नको म्हणणं हे नवीनच ऐकतेय.

कुरळी_कॉलेजरोड

काकू, शिकेकाईला माझा अजिबात विरोध नाही, तिच्यात फेस करणारं सॅपोनिन असतं आणि केस साबणाइतके राठ होत नाहीत. पण आईंचे केस सरळ होते ना? कुरळ्यांत पावडर गेली की दोन दिवस झटकत बसा, त्यामुळे तुम्ही म्हणता तसं अख्ख्या शेंगा उकळून फडक्यातून गाळलेलं पाणीच हवं. रिठा मात्र कमी घ्या किंवा वगळाच, तो केस फार कोरडे करतो. मेथ्या बेस्ट, त्यांच्या बुळबुळीत पाण्याने गुंता छान सुटतो.

अंबड_एमआयडीसीवाला

केसांतलं मला काही कळत नाही, डोक्यावर उरलेतच किती. पण पाण्यातलं कळतं, वॉटर ट्रीटमेंटमध्येच काम करतो, म्हणून लिहितोय. ताई तुमचा निम्मा प्रॉब्लेम त्या बादलीतल्या पांढऱ्या थरात आहे. आपल्या नाशिक महापालिकेचं पाणी गंगापूर धरणाचं किंवा मुकणेचं, ते पावसाचं साठलेलं पाणी, बऱ्यापैकी मऊ. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येतं, येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. हे क्षार केसाला चिकटून बसतात, मग केस कडक आणि निस्तेज लागतात आणि कंडिशनरही धड बसत नाही. अंगाचा साबण डोक्याला लावत असाल तर विचारूच नका, साबण आणि क्षार मिळून जो चिकट मळ होतो तो केसांवरच राहतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस, म्हणजे याच क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. सोसायटीकडे टेस्ट रिपोर्ट मागा, त्यात टोटल हार्डनेस बघा, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, ते नाही. ऑनलाइन मिळतो तो पेनासारखा मीटर टीडीएस दाखवतो, ती वेगळी गोष्ट. घरी बघायचं तर बाटलीत अर्धं बोअरचं पाणी घ्या, साध्या साबणाचे चार तुकडे टाकून हलवा, दुसऱ्या बाटलीत आरओचं घेऊन तसंच करा. फरक डोळ्यांनी दिसेल.

शॉवरला लावायचे फिल्टर मिळतात त्यात पैसे घालू नका. ते मुख्यतः क्लोरीन काढतात, हार्डनेस तसाच राहतो. खरा सॉफ्टनर म्हणजे रेझिनचा, म्हणजे हे क्षार पकडून ठेवणाऱ्या दाण्यांचा, त्याला वेळोवेळी मीठ घालावं लागतं, सगळ्या सोसायटीने मिळून टाकीवर बसवला तर परवडतो, पण त्यासाठी एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, जे महाभारत होईल त्याला मी जबाबदार नाही. तोवर शेवटचे दोन तांबे आरओचं किंवा पालिकेचं पाणी घ्या, आणि आधी एक तांब्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून केसांवरून ओता, थर सुटतो. डोळ्यांत जाऊ देऊ नका. महिन्यातून एकदा चिलेटिंग, म्हणजे क्षार पकडून धुऊन काढणारा, शाम्पू वापरा. बाटलीच्या मागे टेट्रासोडियम ईडीटीए यादीत वरच्या भागात दिसलं तर तो कामाचा, डायसोडियम ईडीटीए अगदी शेवटी सगळ्याच शाम्पूत असतं, त्यावर जाऊ नका.

गंगापूररोड_सलॉन

मी स्वतः स्मूदनिंग करते, तोच धंदा आहे, तरी सांगते, तेराव्या वर्षी नको. माझ्याकडे आया घेऊन येतात तेव्हाही मी परत पाठवते.

स्मूदनिंग, रीबॉन्डिंगमध्ये केसाच्या आतले सल्फरचे बंध केमिकलने तोडतात, इस्त्रीने सरळ करतात आणि दुसऱ्या केमिकलने तसेच पक्के करतात. त्या भागाचा मूळ पोत परत येत नाही, तो कापूनच जातो. पण मुळातून येणारा केस कुरळाच येणार, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. म्हणजे डिसेंबरात केलं तर शाळा सुटेपर्यंत वर कुरळे आणि खाली चपटे, आणि जिथे दोन्ही जुळतात तिथेच तुटतात. मग परत टचअप, परत केमिकल. कटकट मिटत नाही, नेमाने परत येते.

"केरॅटिन करा, ते सेफ असतं" असंही कुणी सांगेल, तीही केस सरळ करायचीच ट्रीटमेंट. त्यातल्या बऱ्याच लिक्विडमधून इस्त्री लागली की फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात ते त्यानेच, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ते माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलंय. "फॉर्मल्डिहाइड फ्री" लिहिलेल्या बाटल्यांत पुष्कळदा ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असतं, त्याने किडनीवर परिणाम झाल्याच्या केसेस गेल्या काही वर्षांत डॉक्टरांनी मेडिकल जर्नलमध्ये मांडल्यात. बंद एसी रूममध्ये लहान मुलीला तीन-चार तास बसवायचं कशाला?

लग्नात तिला सरळच हवे असतील तर त्या एका दिवसापुरता ब्लो ड्राय. तो पाण्याने मोडणाऱ्या बंधांवर चालतो, केस भिजले की वळण परत हजर. हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारं, लावायला सांगा, मशीन कमीत कमी टेंपरेचरवर, आणि केस अर्धवट ओले असताना इस्त्री अजिबात नाही, आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो.

पाथर्डीफाटा_आई

सगळ्यांना खूप खूप थँक्यू! स्मूदनिंग कॅन्सल, पार्लरवालीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर रिपोर्ट मागितला तर सेक्रेटरी म्हणे कशाला हवाय, म्हणजे रिपोर्ट नाहीच असं दिसतंय. काल कंडिशनर लावून ओल्यात गुंता काढला, पोरगी रडली नाही, उलट मोबाइलवर गाणी लावून बसली होती. पण वाळल्यावर परत फुगले, आधीपेक्षा कमी पण फुगले. आणि ती आता म्हणते लग्नात कुरळेच ठेवणार. आता जेल घेऊ का, की घरी करता येतं? केमिकलचं नको वाटतं.

कुरळी_कॉलेजरोड

फुगतात कारण वाळताना त्यांना धरून ठेवायला काही नाही. घरात जवस असतीलच, चटणीचे, त्यांचंच जेल होतं. पाव वाटी अख्खे जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर सतत ढवळत राहा नाहीतर तळाला धरतात. चमच्यावरून धार तुटता तुटता लांबायला लागली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी, की लगेच बंद. आणि गरम असतानाच गाळ, हे महत्त्वाचं. गार झालं की ते जवस सोडत नाही, मग गाळणी घेऊन भांडत बसावं लागतं. जुन्या ओढणीच्या तुकड्यात घालून चमच्यांनी पिळलंस तर हात भाजणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की फेकून द्यायचं. घरचं म्हणून महिनाभर ठेवू नकोस, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतो.

लावायचं केस ठिबकत असतानाच, शेंड्यांकडून मुठीत दाबत वर. मग हात लावायचा नाही. वाळताना वर कडक पापुद्रा येतो आणि पोरगी म्हणेल ई हे काय, केस खडखडीत झाले! तो यायलाच हवा. पूर्ण वाळले की हाताला दोन थेंब खोबरेल चोळून केस मुठीत चुरगाळायचे, पापुद्रा मोडतो आणि वळण तसंच राहतं. अर्धवट ओले असताना चुरगाळलेस तर परत फुगणार.

थंडीत एक लक्षात ठेव, आपल्याकडे डिसेंबरात हवा अगदी कोरडी. ग्लिसरीन पहिल्या दोन-तीन नावांत असलेलं काही तेव्हा नको, कोरड्या हवेत ते केसातलंच पाणी ओढतं आणि पावसाळ्यात उलट बाहेरचं ओढून फुगवतं. आणि न्हाणं रविवारी दुपारी उन्हात, सकाळी नाही. हे केस वाळायला वेळ घेतात, ओल्या डोक्याने सातच्या शाळेला गेली तर सासूबाई तुलाही सोडणार नाहीत आणि मलाही.

पंचवटीकर_काकू

जवसाचं मी पण करून बघते. गजऱ्याचं सांगते, कुरळ्या केसांत साध्या आकड्या सटकतात, यू पिना घे आणि गजरा पिनेत ओवून मग खोच. स्प्रे मारायची गरज नाही, त्यांचे केस आपोआप धरून ठेवतात. आम्ही बिचाऱ्या सरळ केसवाल्या, आमचा गजरा अक्षता पडेपर्यंत खांद्यावर आलेला असतो.