पंचायतीनेच पैसे घालून डॉक्टर आणला तर? (सत्तरी)

म्हादयकाठ
नमस्कार मंडळी. आमचा गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या सकाळी पंच दारात हजर. गावात उपकेंद्र आहे, नर्सबाई आहेत आणि खरंच चांगल्या आहेत, पण डॉक्टर आठवड्यातून एकदा, तोही गाडी मिळाली तर. बाकीचे दिवस वाळपई नाहीतर साखळी, आणि जास्त असलं की थेट बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल. गेल्या पावसात बाबांना रात्री दीडला श्वास लागला, नेबुलायझर घरात होता पण करंट गेलेला, १०८ ला फोन केला तर गाडी दुसरा पेशंट घेऊन आधीच बांबोळीच्या वाटेवर. शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये बाबांना पुढे बसवलं, काच खाली, आणि मी मागे हौद्यात ताडपत्री डोक्यावर घेऊन. बाबा आता बरे आहेत, परत काजूत जायला लागलेत, ऐकत नाहीत.

तर परवाच्या ग्रामसभेत एकाने ठराव मांडला की पंचायतीने महिन्याला ४० हजार बाजूला काढायचे आणि आपला डॉक्टर ठेवायचा, नाहीतर जो सरकारी येतो त्यालाच वरून द्यायचे म्हणजे तो रोज येईल. टाळ्या पडल्या. सचिव मात्र काही न बोलता पेनचं टोपण काढत होते, घालत होते. हे नियमात बसतं का? कुठे जमलंय का? आणि ४० हजारात येणार कोण?

टोपणवाला_निवृत्त
सचिव गप्प का होते ते मी सांगतो, मी तेच टोपण बरीच वर्षं काढलं-घातलंय.

पहिलं, केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशाकडे बघू नका. पंधराव्या आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेले ४० टक्के मोकळे म्हणायचे पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नव्हता, तसं साफ लिहिलं होतं. डॉक्टरचा पगार तिथून टाकला की ऑडिटला वसुली निघणार, आणि सही केलेला सचिवच सापडणार. आरोग्यासाठी त्याच आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत देशभराला ५ वर्षांत ७०,०५१ कोटी वेगळे ठेवले होते, पण तेही उपकेंद्राची इमारत, तपासणीची सोय असल्या ठरलेल्या कामांना.

मग राहिला पंचायतीचा स्वतःचा फंड. म्हणजे घरपट्टी, बांधकाम परवाने, ट्रेड लायसन. किनाऱ्यावरच्या पंचायतीला हॉटेलं आहेत, पैसा आहे, आणि क्लिनिकं तिथे आधीच पावलापावलावर. आपल्याकडे घरपट्टी भरायला लोक चतुर्थी झाल्यावर येतो म्हणतात, कुठली चतुर्थी ते सांगत नाहीत.

आणि सरकारी डॉक्टरला वरून पैसे, हे डोक्यातून काढा. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, त्यात आरोग्य आणि दवाखाने २३ वा. पण डॉक्टर आरोग्य संचालनालयाचा, बदली तेच करणार, रजा तेच देणार. तुम्ही पैसे दिलेत तर त्याचीच चौकशी लागेल. जागा, दुरुस्ती, पाणी, लाईट यावर खर्च दाखवता येतो, आधी बीडीओकडून (गटविकास अधिकाऱ्याकडून) लेखी घ्या.

स्टेथो_आणि_सोलकढी
मी डॉक्टर आहे, गोव्यातल्याच एका आतल्या केंद्रावर दोन वर्षं काढली, कुठलं ते राहू दे. पगार कमी म्हणून मी नाही सोडलं. अंधारात एकटा पडायचो म्हणून सोडलं.

एक रात्र सांगतो. काजूच्या बागेतला माणूस, पायाला साप चावलेला, कुठला साप माहीत नाही, पापण्या जड व्हायला लागलेल्या. सर्पविषावरचं इंजेक्शन १० वायल काढल्या, त्याची पावडर असते, प्रत्येक बाटलीत पाणी घालून हळूहळू फिरवत विरघळवावी लागते, जोरात हलवली की फेस होतो. हे मी आणि वॉचमन दोघे बसून केलं, त्याच्या तोंडात मोबाईलचा टॉर्च. रिअॅक्शन आली तर एका हाताने अॅड्रेनालिन आणि दुसऱ्या हाताने श्वास द्यायची अँबू बॅग, असं मनात ठरवून ठेवलेलं. माणूस वाचला. सकाळी सात वाजता दारात एकजण, आजारपणाचं सर्टिफिकेट पाहिजे, मागच्या तारखेचं. मी दिलं नाही, तर दुपारी पंचाचा फोन.

क्वार्टरचं तर बोलायलाच नको. छपराखाली वटवाघळं, विहिरीचा पंप बंद, पाणी कळशीने. बायको एकदा बघून गेली ती परत आलीच नाही (म्हणजे क्वार्टरवर, माझ्याकडे आहे अजून).

आता ४० हजारावर कोण येईल? नुकताच एमबीबीएस झालेला पोरगा, पीजीची तयारी करणारा. तो यायला तयार होईलही, पण एक गोष्ट बघा, सरकारी सेवेत राहून दुर्गम भागात काम केलं तर राज्य सरकार पीजी प्रवेशाला वर्षाला १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के जादा मार्क देऊ शकतं, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने सेवेतल्या डॉक्टरांना पीजीच्या जागा राखून ठेवायचा राज्यांचा अधिकारही मान्य केला. हे सगळं सरकारी सेवेतल्याला. पंचायतीने ठेवलेल्याला त्यातलं काय मिळणार? तो सहा महिने अभ्यास करेल तुमच्या लाईटवर आणि जाईल.

माझं मत, एक डॉक्टर मागू नका. दोन मागा, आळीपाळीने. एकटा कोणीच टिकत नाही.

टोरांटोचा_पावणो
इकडे कॅनडात हीच रड आहे, हसू नका. फॅमिली डॉक्टर नाही म्हणून लाखो लोक लटकलेले, आणि गावंच्या गावं डॉक्टरला पळवायला सही केल्याचे बोनस देतात, मग शेजारचं गाव त्याहून जास्त लावतं, लिलावच. ब्रिटिश कोलंबियात कोलवूड म्हणून छोटं शहर आहे, त्यांनी वेगळं केलं. नगरपालिकेने डॉक्टरांना सरळ आपले कर्मचारी म्हणून घेतलं, पगार, रजा, पेन्शनसकट, क्लिनिकचं भाडं आणि हिशेबाची कटकट पालिकेच्या गळ्यात. डॉक्टरने फक्त पेशंट बघायचे. पण तिथे प्रांत सरकार पेशंट तपासण्याचे पैसे देतं, ते पालिकेकडे येतात, म्हणून जमतं. आपल्याकडे सरकारी ओपीडी फुकट, पंचायतीकडे उलटून येणार काय, आशीर्वाद?

केरीची_बाय
सगळ्यांचं वाचलं. भावांनो, १८४२ साली पणजीत मेडिकल स्कूल काढलं, आज ते बांबोळीचं जीएमसी, आणि इतक्या वर्षांनी आमच्या गावात डॉक्टरसाठी वर्गणी? मी घरपट्टीही भरायची आणि सरकारचं कामही मीच करायचं? आज डॉक्टर, उद्या म्हणाल मास्तरचा पगार पण काढा.

आणि पुरुष मंडळी सगळी रात्रीचं आणि सापाचं बोलतायत. सासूबाईंची शुगरची गोळी दर महिन्याला संपते, त्यासाठी सकाळची कदंबा बस पकडून जायचं, दुपारी परत, एक दिवसाची मजुरी गेली. माकडतापाच्या (गोचिडीमुळे होणाऱ्या तापाच्या) साथीच्या वेळी, २०१५-१६ ला, ताप आला की काळजात धस्स व्हायचं, रक्त द्यायला किती वेळा खाली गेलो ते आम्हालाच ठाऊक. मला हीरो डॉक्टर नको. संध्याकाळी चार ते सहा, आठवड्यातून तीन दिवस, कामावरून आल्यावर बीपी बघून गोळ्या देणारा पाहिजे.

पालघाट_जावई
बायचं बरोबर आहे, आणि नेमकं हेच माझ्या सासुरवाडीला बघितलंय. केरळात १९९६ च्या लोकयोजनेपासून प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतीकडे दिलेली, नुसती कागदावर नाही, पैशासकट. २०१७ पासून राज्याच्या आर्द्रम आरोग्य मिशनमध्ये संध्याकाळची ओपीडी सुरू झाली, सरकारी डॉक्टर असतोच, आणि जास्तीचा एखादा डॉक्टर किंवा लॅबवाला पंचायत आपल्या योजना निधीतून ठेवते. सासरे संध्याकाळी लुंगी बदलून चालत जातात, बीपी दाखवून चहा पिऊन येतात. पण तिथे राज्यानेच योजनेच्या पैशाचा मोठा वाटा पंचायतींना दिला. तुमच्या ४० हजारांसारखं टोपी फिरवून नाही.

म्हादयकाठ
सगळ्यांना देव बरें करूं. काल मी आणि दोघे पंच टोपणवाल्यांच्या सल्ल्याने सचिवांकडे बसलो. पहिल्यांदाच बोलले ते, आणि बोलले ते बोलतच राहिले. ४० हजाराचा ठराव मागे घेतोय. त्याऐवजी आरोग्य खात्याला पत्र, की संध्याकाळची ओपीडी आठवड्यातून तीन दिवस द्या, दोन केंद्रांतले डॉक्टर आळीपाळीने पाठवा, आणि क्वार्टर पंचायत स्वतःच्या फंडातून दुरुस्त करून देईल. बाय, तुमचं 'चार ते सहा' आहे तसंच घातलंय.

क्वार्टर उघडून बघितला. कुलूप गंजलेलं, तोडावं लागलं. आत जुन्या कॅलेंडरवर कुठल्यातरी डॉक्टरने दिवस मोजून फुल्या मारलेल्या, एप्रिलच्या मध्यापर्यंत, पुढे कोरं. वटवाघळं आमच्याकडेही आहेत, स्टेथोभाऊ.

विहीर बरी आहे, पाणी भरपूर, पण पंपाची मोटर जळलेली. वाळपईच्या बाजूला रिवाइंडिंग नीट करणारा कोणी माहीत असला तर इथे टाका, रविवारी काढून घेऊन येतो.